अंगण नसलेल्या शहरातील अंगणवाडी : पूर्वप्राथमिक शिक्षणविषयक धोरण-मजकुरांची चिकित्सा

पूर्वप्राथमिक शिक्षणाचे महत्त्व आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. शासकीय अहवाल, बालरोगतज्ज्ञांची व्याख्याने आणि गल्लीतील खाजगी नर्सरीचा फलक या तिन्ही ठिकाणी आज जवळजवळ एकच भाषा आढळते. पहिली सहा वर्षे मोलाची, ती वाया जाऊ देऊ नका, असे सगळेच सांगतात. प्रश्न आहे तो पुढचा. ही मोलाची वर्षे शहरातील कोणत्या मुलाला, कोठे, दिवसातून किती तास आणि कोणत्या भाषेत मिळतात? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने आपल्याकडील काही प्रमुख मजकूर, म्हणजे राज्यघटनेतील तरतूद, 2009 चा शिक्षण हक्क कायदा, 2006 चा पंतप्रधानांचा नवा 15 कलमी कार्यक्रम आणि 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, चिकित्सक दृष्टीने वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

हे मजकूर शेजारी ठेवून वाचले असता एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. महत्त्व सांगताना त्यांची क्रियापदे ठाम असतात आणि उपलब्धतेकडे वळताच ती ऐच्छिक होतात. दुसरे असे की, मूल शहरातले असले तरी मजकुरातील नामे बहुधा खेड्यातली असतात. आपल्या समाजाच्या दृष्टीने ही दुसरी बाब अधिक जिव्हाळ्याची आहे. 2001 च्या जनगणनेनुसार देशाच्या एकूण लोकसंख्येपैकी सुमारे 28 टक्के लोक शहरात राहत होते, तर मुस्लिम लोकसंख्येत हेच प्रमाण सुमारे 36 टक्के होते. म्हणजेच शहरी बालशिक्षणाचा प्रश्न दुर्लक्षित राहिला की त्याचा भार आपल्या मोहल्ल्यांवर प्रमाणाबाहेर पडतो.

महत्त्वाचा युक्तिवाद

2020 च्या धोरणाच्या पहिल्या प्रकरणाची सुरुवातच एका आकड्याने होते. बालकाच्या मेंदूचा 85 टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहा वर्षांपूर्वी होतो, असे तेथे म्हटले आहे. मेंदूच्या आकारमानाच्या वाढीविषयी असे विधान करता येईल. परंतु ‘विकास’ ही टक्क्यांत मोजून संपणारी वस्तू नव्हे. पालकांच्या कानापर्यंत हा आकडा पोहोचतो तो मात्र वेगळ्याच अर्थाने. सहा वर्षांत सारे आटोपले, नंतर काही व्हायचे नाही, अशी धास्ती त्यातून निर्माण होते आणि साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात चार रेघी वही येते. शास्त्राच्या नावाने घातलेली भीती ही खाजगी शिशुवर्गांची सर्वांत स्वस्त जाहिरात ठरली आहे, हे धोरणकर्त्यांनी ध्यानात घेतलेले दिसत नाही.

आपल्या बी.एड. व डी.एड. वर्गांत वारंवार सांगितले जाणारे दुसरे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील पेरी प्रीस्कूल प्रकल्प. मिशिगन राज्यातील इप्सिलांटी या शहरात 1962 ते 1967 या काळात तो चालला. एकूण 123 गरीब कृष्णवर्णीय मुले अभ्यासात होती; त्यांपैकी 58 मुलांना प्रत्यक्ष बालशिक्षण मिळाले व उरलेल्यांना मिळाले नाही. दोन्ही गटांचा वयाच्या चाळिशीपर्यंत मागोवा घेण्यात आला. बालशिक्षण मिळालेल्या गटाचे शालेय शिक्षण, उत्पन्न व कायद्याशी आलेले संबंध हे सारेच दुसऱ्या गटापेक्षा बरे आढळले. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी पुढे त्याचा आर्थिक परतावा मांडला आणि “एका रुपयाचे अनेक रुपये” ही भाषा आपल्याकडेही रूढ झाली.

हा निष्कर्ष आपण उसना घेतो, त्यामागील अटी मात्र तेथेच ठेवून येतो. इप्सिलांटीत साधारण पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती, दररोज अडीच तासांचा वर्ग होता आणि प्रत्येक आठवड्याला शिक्षिका मुलाच्या घरी जाऊन सुमारे दीड तास आईबरोबर बसत असे. चाळीस मुले, एक सेविका, एक मदतनीस, पोषण आहाराची नोंदवही, लसीकरणाची नोंदवही, मोबाइलवरील नोंद आणि वर निवडणुकीची कामे अशा अंगणवाडीकडून तोच परतावा मागणे हा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला पटणार नाही. महत्त्वाचा युक्तिवाद चुकीचा आहे असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु खर्चाचा व मनुष्यबळाचा उल्लेख टाळून केलेला युक्तिवाद शेवटी सेविकेच्या माथी अपयश मारण्याच्या कामी येतो.

क्रियापदांचा प्रवास

आता कायद्याकडे वळू. 1950 च्या राज्यघटनेतील अनुच्छेद 45 मध्ये राज्याने दहा वर्षांच्या आत सर्व बालकांना वयाची चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे निदेशक तत्त्व होते. या वाक्यात वयाची वरची मर्यादा आहे, खालची नाही. अर्थात तीन वर्षांचे मूलही त्या वाक्यात बसत होते. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 21क हा मूलभूत हक्क आणला, त्याचे स्वागत सर्वत्र झाले आणि ते योग्यच होते. मात्र हा हक्क 6 ते 14 या वयापुरता ठरला. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद 45 बदलला आणि सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण यांसाठी राज्य प्रयत्नशील राहील एवढेच त्यात उरले. एकाच दुरुस्तीत मोठे भावंड हक्काच्या रांगेत गेले आणि धाकटे सदिच्छेच्या रांगेत राहिले.

2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यातील कलम 11 हे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसंबंधीचे एकमेव स्वतंत्र कलम होय. समुचित शासन अशा मुलांसाठी मोफत पूर्वशालेय शिक्षणाची आवश्यक व्यवस्था करू शकेल, असा त्याचा आशय आहे. इंग्रजी मसुद्यात येथे ‘मे’ आहे, ‘शॅल’ नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याला या दोन शब्दांतील अंतर सांगावे लागत नाही. ज्या संसदेने पहिलीच्या वर्गासाठी एक किलोमीटरसारख्या अंतराचा विचार नियमांवर सोपवून का होईना पण बंधनकारक केला, तिला शिशुवर्गासाठी एक क्रियापद बदलणे जड गेले.

2020 च्या धोरणाने 3 ते 8 या वयाचा ‘पायाभूत स्तर’ मानला, पाच-तीन-तीन-चार अशी नवी रचना सुचविली, पहिलीपूर्वीची ‘बालवाटिका’ आणली आणि 2030 पर्यंत सर्वांना दर्जेदार बालशिक्षण मिळावे असे उद्दिष्ट ठेवले. ही निःसंशय प्रगती आहे. तथापि, धोरण म्हणजे कायदा नव्हे. कलम 11 मधील ‘शकेल’ जेथे होते तेथेच आहे. न्यायालयात दाद मागावयाची तर पालकाच्या हाती धोरणाची पुस्तिका उपयोगी पडत नाही.

नामांचे खेडे

‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्या मराठी मातीतून आलेला आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केल्यानंतर 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी (आता पालघर जिल्हा) येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, ही त्या प्रयोगामागील साधी आणि थोर कल्पना होती. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्राला हेच नाव मिळाले. आरंभीच्या त्या प्रकल्पांत शहरी प्रकल्प बोटांवर मोजण्याइतकेच होते.

शहरी वस्तीत अंगण नसते. दहा बाय दहाच्या खोलीपुढे गटार, गटारापलीकडे दुसऱ्याचे दार. तेथे अंगणवाडी भरवायची तर खोली भाड्याने घ्यावी लागते आणि शासनाने मंजूर केलेले भाडे व बाजारातले भाडे यांचा मेळ क्वचितच बसतो. मग खोली मिळते ती वस्तीच्या टोकाला, अंधारी, बहुधा नळ व शौचालय नसलेली. घरमालकाने नोटीस दिली की केंद्र हलते आणि तीन वर्षांच्या मुलाला शंभर पावलांवरून उठून मोठा रस्ता ओलांडावा लागतो. नगररचनेच्या आराखड्यात शाळेसाठी, दवाखान्यासाठी, बागेसाठी आरक्षणे असतात. अंगणवाडीसाठी नेमकी जागा राखलेली फारशी पाहावयास मिळत नाही. खेड्यात ग्रामपंचायतीकडे निदान गावठाणाची जागा मागता येते. शहरात हा प्रश्न महिला व बालविकास खाते, महानगरपालिका आणि घरमालक या तिघांच्या मध्ये लोंबकळत राहतो.

नव्या 15 कलमी कार्यक्रमाचे पहिलेच कलम या योजनेविषयी आहे, ही गोष्ट आपल्या अनेक प्राध्यापक मित्रांना ठाऊक नसते. शिष्यवृत्ती व कर्ज यांपूर्वी बालविकास सेवेला स्थान देणे ही दूरदृष्टी होती. परंतु कलमाचे शब्द पाहावेत. अल्पसंख्याकांची लक्षणीय लोकसंख्या असलेल्या गटांमध्ये व खेड्यांमध्ये प्रकल्प आणि अंगणवाड्यांचा काही हिस्सा ठेवला जाईल, असे ते म्हणते. गट आणि खेडे! प्रभाग, वॉर्ड, झोपडपट्टी यांपैकी एकही शब्द त्या वाक्यात नाही. ज्या समाजाची एक तृतीयांशाहून अधिक वस्ती शहरात आहे, त्याच्यासाठी लिहिलेल्या वाक्यात शहर नसावे, याला केवळ शब्दयोजनेतील हलगर्जीपणा म्हणून सोडून देता येणार नाही. अधिकारी वाक्याप्रमाणे चालतात.

2020 च्या धोरणाचेही तसेच. पहिल्या प्रकरणात आदिवासी भागातील आश्रमशाळांत बालशिक्षण सुरू करण्याची स्वतंत्र तरतूद आहे व ती हवीच होती. शहरी गरिबांचा उल्लेख मात्र पुढे सहाव्या प्रकरणात वंचित गटांच्या लांबलचक यादीत येतो. तीन वर्षांच्या शहरी मुलासाठी विशेष अशी यंत्रणा पहिल्या प्रकरणात सुचविलेली नाही.

या सर्व मजकुरांच्या तुलनेत शहरी बालकाला नावाने ओळखणारा दस्तऐवज म्हणजे अन्न अधिकाराच्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा 13 डिसेंबर 2006 चा आदेश. ग्रामीण वस्तीप्रमाणेच झोपडपट्टीवासीयांनाही ‘मागणीनुसार अंगणवाडी’चा अधिकार असेल आणि सहा वर्षांखालील किमान 40 मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत केंद्र मिळावे, असे त्यात म्हटले होते. 2008-09 च्या विस्तारात अशा केंद्रांसाठी 20 हजारांची तरतूदही झाली. मूळ याचिका 2017 मध्ये निकाली निघाली, पण संख्या, वस्ती आणि मुदत या तिन्हींचा इतका स्पष्ट उल्लेख करणारे वाक्य त्यापूर्वी नव्हते व त्यानंतरही झालेले नाही.

वेळ, पैसा आणि भाषा

केंद्र जवळ असले म्हणजे ते उपलब्ध झाले, असे समजणे ही या विषयातील एक मोठी गफलत आहे. बहुतेक राज्यांत अंगणवाडी दिवसातून चार ते सहा तास चालते. धुणीभांडी करणारी, निपाणीत विडी वळणारी, हैदराबादच्या जुन्या शहरात लाखेच्या बांगड्यांवर खडे बसविणारी आई या तासांत बसत नाही. घरी बसून काम करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर कायद्याने कारखान्यावर टाकलेली पाळणाघराची जबाबदारीही लागू होत नाही, कारण तिचा कारखाना म्हणजे तिचीच खोली. मुलाला सोडायला आणि दुपारी आणायला मोठी बहीण जाते. धाकट्याचे बालशिक्षण आणि मोठीची शाळागळती यांचा संबंध येथे आहे. आपल्या महाविद्यालयांत मुलींच्या गळतीवर प्रबंध होतात. त्यांत या दुपारच्या फेरीचा उल्लेख सहसा नसतो.

वास्तविक शहरी गरिबांच्या वेळेप्रमाणे बालशिक्षण चालविण्याचे दाखले नवे नाहीत. मारिया मॉन्टेसरी यांचे पहिले बालगृह 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कामगार वस्तीत, एका चाळवजा इमारतीतच उघडले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यात व आवारात मोकाट फिरणाऱ्या मुलांसाठी ते होते, आणि आई केव्हाही येऊन डोकावू शकत असे. त्याच बाईंचे नाव आज आपल्या शहरांत उच्च शुल्काच्या शाळांच्या फलकावर झळकते, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. आपल्याकडे 1969 मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवर ‘मोबाइल क्रेशेस’चे पहिले केंद्र सुरू केले, तेही मजूर स्त्रीच्या दिवसभराच्या वेळेला धरूनच. धोरणकर्त्यांना हे दाखले माहीत नसतील असे नाही. 2022 पासून ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. तिचा विस्तार वस्तीच्या गरजेच्या मानाने तोकडा आहे.

सरकारी केंद्राच्या वेळा आणि जागा जमत नाहीत म्हणून गरीब पालकही खाजगी एलकेजी-यूकेजीकडे वळतो. आंध्र प्रदेश व तेलंगणात 2002 पासून सुमारे तीन हजार मुलांचा मागोवा घेणाऱ्या ‘यंग लाइव्ह्ज’ या अभ्यासातून खेड्यात अंगणवाडी प्रमुख तर शहरात खाजगी शिशुवर्ग प्रमुख, आणि शहरातील गरिबांतही ओढा खाजगीकडेच, असे चित्र पुढे आले. पालकाची निवड म्हणून त्याचे कौतुक करणारे आहेत. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. ज्याच्यापुढे एक बंद दार व एक महाग दार आहे, त्याने महाग दार ठोठावले तर त्याला निवड म्हणणे कठीण आहे.

आणि त्या महाग दारामागे काय मिळते? आंबेडकर विद्यापीठ, दिल्ली येथील बालशिक्षण केंद्र, असर व युनिसेफ यांनी आसाम, राजस्थान व तेलंगणातील सुमारे 14 हजार मुलांचा चार ते आठ या वयात पाठपुरावा करून 2017 मध्ये अहवाल दिला. अंगणवाडी आणि खाजगी शिशुवर्ग या दोन्ही ठिकाणी वयाला साजेसे शिक्षण सहसा आढळले नाही. खाजगी वर्गांत पहिलीचाच अभ्यास खाली ओढलेला दिसला. यशपाल समितीने 1993 मध्येच नर्सरी प्रवेशाच्या चाचण्या व मुलाखती बंद करण्याची आणि अशा शाळांवर नियमन ठेवण्याची शिफारस केली होती. येथेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. 2017 चा हा मोठा अभ्यास ग्रामीण होता, ‘असर’ची वार्षिक पाहणीही मुख्यतः ग्रामीणच असते. मोजमापही खेड्याचेच.

भाषेचा प्रश्न आपल्या सीमाभागात व जुन्या मराठी वस्त्यांत अधिक गुंतागुंतीचा होतो. बेळगावच्या एखाद्या गल्लीतील मुलाच्या घरात दखनी बोलली जाते, खेळताना मराठी, सरकारी फलकावर कन्नड आणि दप्तरावर इंग्रजी. धोरण ‘घरची भाषा’ म्हणते, एकवचनात. हैदराबादेत किंवा वडोदऱ्यात थोड्याफार फरकाने हेच घडते. तीन वर्षांच्या मुलाला चार भाषांचे ओझे होत नाही, उलट त्या तो सहज उचलतो. ओझे होते ते त्याला समजेल अशा एकाही भाषेत त्याच्याशी कोणी बोलत नाही तेव्हा. सेविका त्याच वस्तीतील असावी हा योजनेचा मूळ दंडक म्हणूनच मोलाचा आहे. पात्रता वाढविताना तो दंडक निसटू नये.

आपल्या संस्था

येथवर शासनाच्या मजकुरांची चिकित्सा झाली. पण शिक्षणसंस्थांच्या नियतकालिकात लिहिताना स्वतःच्या अंगणाबाबत मौन पाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 2009 च्या कायद्यातील कलम 12 नुसार खाजगी विनाअनुदानित शाळेने 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यावयाच्या आहेत, आणि शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असल्यास ही तरतूद तेथपासून लागू होते. पूर्वप्राथमिकच्या शुल्काची प्रतिपूर्ती कोणी करावयाची यावर महाराष्ट्रात शासन व संस्थाचालक यांच्यात वाद झाले. अशा वादात मूल पहिलीत थेट येते तेव्हा शेजारच्या बाकावरील मुलाने तीन वर्षे आधीच पूर्ण केलेली असतात.

6 मे 2014 च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून वगळले. अनुच्छेद 30 च्या संरक्षणाचे महत्त्व वादातीत आहे व या निकालाचे आपल्याकडे समाधानाने स्वागत झाले. त्याचा दुसरा परिणाम फारसा बोलला गेला नाही. मोहल्ल्यातील सर्वांत जवळची, भाषा समजणारी, पालकांचा विश्वास असलेली शाळा बहुधा आपलीच असते. आणि तिच्याच शिशुवर्गात गरीब मुस्लिम मुलाला कायद्याने जागा मागता येत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमती निकालाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठविला. निकाल काहीही लागो, स्वेच्छेने तेवढ्या जागा देण्यास कोणत्याही निकालाने मनाई केलेली नाही. शिशुवर्ग हा अनेक संस्थांच्या ताळेबंदातील फायद्याचा भाग असतो, हे सर्व विश्वस्तांना माहीत असते. वरच्या वर्गांचा तोटा तो भरून काढतो. म्हणजेच ज्या वयात सर्वाधिक गुंतवणूक करावी असे आपण व्याख्यानांत सांगतो, त्याच वयातून आपण वसुली करतो.

महाविद्यालयीन शिक्षकांचा या साऱ्याशी संबंध प्रशिक्षणाच्या वाटेने येतो. धोरणानुसार बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम व त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका आहे, तीही मुख्यतः दूरशिक्षणाने. बालशिक्षण हे हाताने, आवाजाने, जमिनीवर बसून शिकावयाचे काम. ते मोबाइलच्या पडद्यावरून कितपत शिकता येईल याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञान शाखेशी जोडलेली ‘चेतन बालवाडी’ कैक वर्षे विद्यार्थिनींच्या सरावाचे ठिकाण राहिली, ती याच जाणिवेतून. आपल्या महाविद्यालयांच्या बालवाडी-शिक्षिका अभ्यासक्रमांतही सराव असतो, पण तो बहुधा संस्थेच्याच नीटनेटक्या शिशुवर्गात होतो. भाड्याच्या अंधाऱ्या खोलीतील चाळीस मुलांसमोर विद्यार्थिनी उभी राहते ती नोकरी लागल्यावर, आणि खाजगी वर्गात लागली तर घरकामाच्या मजुरीशी तुलना व्हावी अशा पगारावर.

हा सराव वस्तीतील केंद्रात हलविता येईल. त्याबरोबर विद्यार्थिनींनी करावयाचे एक काम अभ्यासक्रमात सहज बसते. प्रत्येक गल्लीतील सहा वर्षांखालील मुलांची मोजणी करावी, ती कोठे जातात, किती शुल्क देतात, दुपारी कोण आणते हे विचारून लिहावे. ज्या वस्तीत मुले चाळीसच्या वर भरतील आणि केंद्र नसेल, तेथील मातांच्या सह्यांचा अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे आणि त्याची एक प्रत महानगरपालिकेकडे द्यावी. अर्जासोबत मुलांची वये, गल्लीचा हाताने काढलेला नकाशा आणि उपलब्ध खोलीचा पत्ता जोडावा, कारण जागा नाही हे उत्तर पहिल्या भेटीतच मिळते.